परतीचे सगळे सिग्नल

गेल्या महिन्यात एका मंगळवारी मला एअरपोर्ट रोडला साडेअकराला पोचायचं होतं आणि अकरा बावीसला मी गुंजन चौकात पांढऱ्या पट्टीच्या मागे, म्हणजे पुण्याच्या पद्धतीने पट्टीच्या दीड फूट पुढे, स्कूटर लावून उभी होते. सिग्नल हिरवा झाला, मी गाडी रेटली, आणि हवालदाराने हात आडवा केला. असा आडवा की माझ्या आरशाला त्याची बोटं लागली. मागून हॉर्न सुरू झाले. खांबापाशी दुसरा पोलीस सिग्नलच्या पेटीचं दार उघडून आत काहीतरी खुडबुड करत होता, मग चारी बाजूंना लाल लागलं आणि ते उलटे मोजणारे आकडेच गायब झाले. आकडे गेले की माणसाचा धीर सुटतो. नव्वद सेकंद दिसत असतील तर आपण नव्वद सेकंद थांबतो, पण काही दिसतच नसेल तर वीस सेकंदात शेजारचा माणूस आपल्याशी बोलायला लागतो. तसा तो बोललाच, "कोण टपकतोय आज? लाल दिवे काढले २०१७ ला पण ह्यांचा माज काय उतरला नाही." मी मान डोलावली. मलाही उशीर होत होता आणि मनातल्या मनात मीही कुठल्यातरी मंत्र्याला शिव्या घालत होते.

मग वॉर्डन पोरगा गाड्यांच्या मधून सांगत आला, "हार्ट चाललंय, हार्ट. दोन मिनिटं." ते "हार्ट" मागे मागे सरकत गेलं, एका हेल्मेटमधून दुसऱ्या हेल्मेटमध्ये, आणि त्याच्या मागोमाग हॉर्न बंद होत गेले. कुणीतरी इंजिन बंद केलं, मग दुसऱ्याने केलं, मग मीही केलं. गुंजन चौकात सकाळी साडेअकराला मला झाडावरचा कावळा ऐकू आला, आयुष्यात पहिल्यांदा. बंडगार्डनच्या पुलाकडून आधी नुसता आवाज आला, मग एक बोलेरो, तिच्या मागे अँब्युलन्स, तिच्या मागे अजून एक गाडी, वळण घेऊन एअरपोर्टच्या बाजूला दिसेनाशी झाली. आठ सेकंद म्हणा, फार तर दहा. डिलिव्हरीवाल्या एका पोराने मोबाईलवर शूट केलं, मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मघाचा शेजारी म्हणाला, "देव माणूस असणार हो." आणि सगळे भारावून एकमेकांकडे बघत असताना माझ्या पोटात जे उठलं तो राग होता.

राग पण नाही खरं तर. हेवा.

बर्फात ठेवलेल्या कुणाच्या तरी काळजाचा मला हेवा वाटला, आणि असा वाटल्याची एवढी लाज वाटली की क्लायंटकडे त्या दिवशी मी काय बोलले ते मला आजही आठवत नाही.

बाबांना २०१६ च्या जुलैमध्ये अटॅक आला तेव्हा संध्याकाळचे पावणेसात झाले होते आणि आम्ही सिंहगड रोडला राहतो. एवढं सांगितलं की पुण्यातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. अँब्युलन्स लवकर आली होती, तक्रार तिची नाही. आत मी सलाइनची बाटली हातात धरून बसले होते कारण तिचा हूक तुटलेला होता, आणि मागच्या दाराला जी छोटी काच असते तिच्यातून मला सतत हेल्मेटं दिसत होती. आमच्यासाठी पुढे जरा फट पडली की आमच्या मागून चार बाइक त्या फटीत शिरत होत्या. म्हणजे अँब्युलन्सला रस्ता देत नव्हते असं नाही, अँब्युलन्सचा रस्ता वापरत होते. ड्रायव्हर सायरन बंद करायचा, परत चालू करायचा, जसं काही मध्ये थोडी विश्रांती दिल्याने लोकांना नव्याने ऐकू येणार आहे. राजाराम पुलापर्यंत ३८ मिनिटं लागली. मी मोजली नव्हती, नंतर फोनमधले कॉल बघून काढली. बाबा दुसऱ्या दिवशी पहाटे गेले. "जरा आधी आणलं असतं तर" असं कुठला डॉक्टर म्हणाला नाही आणि मी कुणाला विचारलं नाही. आता २०१९ च्या दुरुस्तीनंतर अँब्युलन्सला वाट न देण्याला १०,००० रुपये दंड आहे म्हणे. तो कुणाला झालेला मी अजून बघितलेला नाही.

आणि त्या संध्याकाळी बापूमामा शहराच्या दुसऱ्या टोकाला एका मंत्र्याच्या ताफ्यापुढची पायलट गाडी चालवत होता.

पुण्यात ट्रॅफिक पोलिसाला सगळेच मामा म्हणतात, पण माझा खरोखरचा मामा पोलिसात होता. आईचा धाकटा भाऊ. पोलीस म्हणजे काठीवाला नाही, ड्रायव्हर. मोटार परिवहनला लागला आणि तिथूनच २०२१ ला रिटायर झाला. गंमत म्हणजे आमच्या घराण्यात त्याच्याएवढी हळू गाडी कुणीच चालवत नाही. स्वतःची वॅगनआर तो चाळीसच्या वर नेत नाही, लेन बदलत नाही, हॉर्न वाजवत नाही, आणि माझा भाऊ त्याला "बैलगाडी" म्हणतो. दर रविवारी तो आमच्याकडे जेवायला असतो. बाबा गेले त्या आठवड्यातसुद्धा होता. त्या संध्याकाळबद्दल आई त्याला कधी काही बोलली नाही, तो आईला कधी काही बोलला नाही, नुसता भाकरीचा दुसरा तुकडा मोडायच्या आधी जरा थांबायला लागला, एवढाच काय तो बदल.

तर त्या मंगळवारी रात्री झोप येईना म्हणून वाचत बसले. धडधडणं थांबवून बर्फात ठेवलेलं हृदय साधारण चार तास टिकतं, फार ताणलं तर थोडं अजून. लिव्हरला बारा तासांच्या आसपास मिळतात, किडनीला दिवसभर आणि वर. आणि घड्याळ कुठून सुरू होतं, तर अँब्युलन्सचं दार लागल्यापासून नाही, ऑपरेशन थिएटरमध्ये महाधमनीला चिमटा लावला त्या मिनिटापासून. मग ते थंड द्रावणात, एकात एक तीन पिशव्यांत, आणि मग बर्फाच्या पेटीत, कारण बर्फ थेट लागला तर पेशी करपतात. मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. हे इकडून निघतं त्याच सुमाराला तिकडे दुसऱ्या शहरात दुसऱ्या माणसाची छाती उघडायला घेतलेली असते. म्हणजे गुंजन चौकात आम्ही हॉर्न वाजवत होतो तेव्हा कुठेतरी एक माणूस टेबलावर होता आणि त्याचं जुनं निघायच्या बेतात होतं, नवीन अजून बंडगार्डनच्या पुलापलीकडेच.

आपल्याकडे हे सगळं तसं अलीकडचंच. मुंबईत केईएमला डॉ. प्रफुल्लकुमार सेनांनी १९६८ च्या फेब्रुवारीतच हृदय बदलून बघितलं होतं, जगात पहिलं झालं त्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते, पण पेशंट काही तासच जगला. मेंदू मेला म्हणजे माणूस मेला हे आपल्या कायद्याने मान्य केलं १९९४ ला. चार डॉक्टर, सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी, मग घरच्यांची सही. मुंबईत यशस्वी हृदयरोपण व्हायला २०१५ चा ऑगस्ट उजाडला, आणि ते हृदय पुण्याहून विमानाने मुलुंडला गेलं होतं. रस्ता मोकळा करण्याची गोष्ट देशभर पोचली ती मात्र त्याआधी, २००८ ला, चेन्नईमुळे. पंधरा वर्षांचा मुलगा, आईवडील दोघं डॉक्टर, आणि पोलिसांच्या गाडीने त्याचं हृदय शहराच्या गर्दीतून अकरा मिनिटांत पार नेलं.

वाचता वाचता मी लंडनच्या व्हिडिओपाशी पोचले. १९८७ चा मे महिना, स्टॅनस्टेड विमानतळावर लिव्हर उतरलंय, केन्सिंग्टनच्या हॉस्पिटलला न्यायचंय, २७ मैल, शुक्रवारचं ट्रॅफिक, आणि मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या दोन रोव्हर गाड्या ते ३० मिनिटांत नेतात. गाडीच्या आतून घेतलेलं चित्रीकरण आहे, धुरकट, हलणारं. मी तीनदा बघितलं. आणि रविवारी जेवण झाल्यावर मामाला लावून दिलं.

मामाने चष्मा लावला, फोन हातभर लांब धरला आणि जे बघायला मी श्वास रोखून बसले होते ते त्याने बघितलंच नाही. तो म्हणाला, "मोटरसायकलवाले बघ. चौक त्यांनी धरलेत. गाडीवाल्याचं काय, त्याला रस्ता दिलाय." मग थोड्या वेळाने, "ह्यानं ब्रेक कमी मारलाय. चांगला ड्रायव्हर आहे." मग मी त्याला इटलीच्या पोलिसांची लॅम्बोर्गिनी दाखवली, २०२० ला त्यांनी पाडुआहून रोमला, जवळपास ५०० किलोमीटर, किडनी नेली ती साधारण दोन तासांत. मामाने विचारलं, "किडनी किती वेळ टिकती म्हणालीस?" मी म्हणलं, "चोवीस तास तरी." तो म्हणाला, "मग एवढं काय पळायचं काम होतं?" आणि फोन परत दिला. ह्याला मी काय उत्तर देणार. हैदराबादचं सांगितलं, गेल्या वर्षी जानेवारीत म्हणजे २०२५ ला, मेट्रोने १३ किलोमीटर १३ मिनिटांत हृदय नेलं, मधली १३ स्टेशनं न थांबता. त्यावर मात्र तो खूश झाला. "हे बेस्ट. मेट्रोच्या रुळावर कुत्रं येत नाही."

कुत्र्याचं काय, तर मामाने स्वतः एकदा हे केलं होतं. मला माहीतच नव्हतं. आईला माहीत होतं की नाही कोण जाणे, ती ताटं उचलत होती ती तशीच उभी राहिली.

रात्री फोन आला म्हणे, सकाळी पायलटला जायचंय. एरवी साहेब सांगतात कोण येतंय, ह्या वेळी "बॉक्स आहे" एवढंच सांगितलं. पहाटे पाचला मामा रिकामी बोलेरो घेऊन हॉस्पिटल ते विमानतळ दोनदा जाऊन आला, फक्त स्पीडब्रेकर मोजायला. अकरा होते. आजही त्याने बोटांवर मोजून दाखवले, कुठला उंच, कुठला नुसता पांढरा रंग मारलेला, कुठे डाव्या बाजूला डांबर खचलंय. मी विचारलं, "किती स्पीडने नेलंस?" तो म्हणाला, "सत्तर, कुठं ऐंशी." मला कमी वाटलं, माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं. मग त्याने समजावलं, आणि नोकरीतलं असं तो पहिल्यांदाच काही समजावून सांगत होता. पायलटवाल्याने समोर कमी बघायचं आणि आरशात जास्त. मागची अँब्युलन्स उंच असते, वळणावर झोल खाते, आत माणसं असतात, बॉक्स धरलेला माणूस असतो. आपण पळालो आणि ती मागे राहिली की मधल्या जागेत एखादा रिक्षावाला शिरणारच, मग सगळं मुसळ केरात. ब्रेक मारायचा नाही. "ब्रेक मारायची वेळ आली म्हणजे आपलं मघाशीच चुकलेलं असतं." वायरलेसवर एकेक पॉइंट बोलत असतो, हा चौक क्लिअर, तो चौक क्लिअर, पण कुत्र्याला वायरलेस नसतो. आणि म्हाताऱ्या माणसाला. रस्ता मोकळा दिसला की म्हाताऱ्याला वाटतं आत्ताच ओलांडून घ्यावा.

विमानतळावर अँब्युलन्स थेट आत गेली, दोन माणसं उतरली आणि बॉक्स घेऊन विमानाकडे चालत गेली. पळत नाही, चालत. ठेच लागू नये म्हणून असेल. मामाने तेव्हा तो बॉक्स पहिल्यांदा बघितला. "काय नव्हतं गं त्यात बघण्यासारखं. पिकनिकला थंड पाण्याचा डबा नेतात ना निळा, तसला. वर चिकटपट्टी." तीस वर्षं त्याने लाल दिव्याच्या गाड्यांपुढे गाडी चालवली होती आणि सगळ्यात साधं सामान ह्या वेळचं होतं.

आणि मग तो म्हणाला, येताना आम्ही सगळ्या सिग्नलला थांबलो.

हे त्याने सहज सांगितलं, पण मी तिथेच अडकले. जाताना अठरा मिनिटं, येताना पाऊण तास. सायरन बंद, दिवा बंद, जे पोलीस मघाशी हात आडवे करून उभे होते ते आता दुसऱ्या कामाला लागलेले, त्यांनीच ह्याची गाडी लाल सिग्नलला थांबवली. येरवड्याला त्याने आणि शेजारच्या शिपायाने वडापाव खाल्ला. मग गाडी हॉस्पिटलला लावायची होती, कसलीशी सही राहिली होती. आवारात, पायऱ्यांपाशी काही माणसं बसलेली, टोप्या, धोतर, एक बाई डोक्यावरून पदर घेऊन. त्यातला एक उठून ह्याच्या गाडीपाशी आला. खाकी बघून आला असेल. म्हणाला, "साहेब, नीट पोचलं का?"

मामाला आधी कळलंच नाही हा काय विचारतोय. कुणाचं काय कुठे गेलं हे दोन्ही बाजूंना कळू द्यायचं नसतं, तसा नियम आहे, आणि त्याला स्वतःला तरी काय माहीत होतं, निळा डबा सोडून. तो म्हणाला, "विमान उडालं." तो माणूस म्हणाला, "बरं झालं," आणि परत पायऱ्यांवर जाऊन बसला. मुलाचा बाप होता का चुलता, मामाने विचारलं नाही.

तासाभराने शववाहिका निघाली. गावाला जायचं होतं, लांब कुठेतरी, सोलापूर रोडने. आणि गेटमध्ये एक रिक्षा आडवी लावलेली, ड्रायव्हर गायब, कुठे चहाला गेला असेल. शववाहिकेने हॉर्न दिला एकदा, मग थांबली. मामा खाली उतरला, रिक्षा न्यूट्रलला करून ढकलत बाजूला लावली आणि हात करून शववाहिकेला बाहेर काढली. बाहेर पडल्यावर ती पहिल्याच सिग्नलला उभी राहिली, एका बसच्या मागे. "कंट्रोलला विचारायला पाहिजे होतं," मामा म्हणाला, "शहराच्या हद्दीपर्यंत पायलट देऊ का म्हणून. नाही म्हणाले असते. पण विचारायला पाहिजे होतं." तमिळनाडूत २०२३ पासून अवयवदात्याला सरकारी इतमामाने निरोप देतात, ओडिशानेही नंतर सुरू केलं, हे मी त्याला वाचून दाखवलं. त्याने नुसतं "हं" केलं. आईने ताटं आत नेली.

मला तेव्हा त्याला विचारायचं होतं ते विचारता आलं नाही. जिभेवर होतं. पण आईच्या घरात, बाबांच्या खुर्चीच्या शेजारी बसून ते विचारणं म्हणजे नऊ-दहा वर्षं ज्या गोष्टीभोवती आम्ही तिघं जपून चालतोय तिच्यावर पाय देणं. आणि शिवाय मला उत्तर माहीत होतं. हृदयाला विमानाची वेळ असते, आदल्या रात्री फोन जातात, माणसं ठरतात, चौक ठरतात. बाबांचा अटॅक काही आदल्या रात्री कळवून आला नव्हता. रोज शहरात किती अँब्युलन्स फिरतात, प्रत्येकीला चौक धरायचे तर शहर हलणार नाही. हे सगळं मला कळतं. कळूनही गुंजन चौकात पोटात उठायचं ते उठलंच.

परवा खराडीला एक रिसेप्शन होतं. येताना मामाच्या गाडीत मी पुढे, आई मागे, शालीत गुरफटून झोपलेली. सव्वादहा वाजले होते, नगर रोड बऱ्यापैकी रिकामा, मामा त्याच्या चाळीसच्या चालीने. गुंजन चौकात लाल लागलं. आडवं कुणीच येत नव्हतं. दोन बाइक आणि एक फॉर्च्युनर आमच्या शेजारून सिग्नल तोडून निघून गेल्या, फॉर्च्युनरवाल्याने जाता जाता आमच्याकडे असं बघितलं की हे काय बावळट. आकडा बासष्टवर होता. मामाने गाडी न्यूट्रलला टाकली, हँडब्रेक ओढला, दोन्ही हात मांडीवर घेतले. पट्टीच्या मागे बरं का, पूर्ण मागे.

त्या बासष्ट सेकंदांत मी विचारलं. "मामा, बाबांच्या वेळेला तुला फोन केला असता तर?"

तो समोरच्या आकड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वायरलेसला बोललो असतो. ओळखीचे होते दोन पॉइंटवर. दोन चौक मिळाले असते तुम्हाला." थोडं थांबून, "तिसऱ्याला अडकलाच असता."

मी काही बोलले नाही. दोन चौक म्हणजे किती मिनिटं, हे मी मनात मोजायला लागले होते, सहा, सात, आणि ते मोजणं थांबत नव्हतं. मामाने काच पुसली, आतून, तशी काही गरज नव्हती.

"बापू," मागून आईचा आवाज आला, अगदी जागा, "सुटला सिग्नल."